कॅप्टन डन्सेलला आपल्याकडे काय म्हणतात? (जुन्या स्टार ट्रेकचा एक एपिसोड पुन्हा पाहताना)

हर्णैचा_खारा_वारा

मंडळी, नमस्कार. मासेमारीची बंदी चालू आहे, होडी शाकारून ठेवलीय आणि चार दिवस पावसाने दाराबाहेर पाऊल टाकू दिलेलं नाही. अण्णा (माझे वडील. उभा जन्म तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, म्हणून काढला, आता गुडघे ऐकत नाहीत) घरात बसून सगळ्यांवर खेकसत होते. शेवटी भाच्याने त्यांच्यासमोर टीव्हीवर जुनं स्टार ट्रेक (अंतराळातल्या जहाजाची अमेरिकन मालिका) लावून दिलं. हे मी लहानपणी परळला मामाकडे दूरदर्शनवर पाहिलेलं. इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं, स्पॉकचे कान बघायला बसायचो.

लागला तो एपिसोड 'द अल्टिमेट कॉम्प्युटर'. अमेरिकेत ८ मार्च १९६८ ला दाखवलेला. रिचर्ड डेस्ट्रम नावाच्या बड्या शास्त्रज्ञाने एम-५ नावाचा संगणक तयार केलाय. तो मालिकेतल्या एंटरप्राइज या अंतराळ जहाजावर बसवायचा आणि एरवी ४३० माणसं लागतात ते जहाज २० माणसांत चालवून दाखवायचं. सरावाच्या पहिल्या चकमकीत एम-५ बाजी मारतो. समोरच्या जहाजावरून कमोडोर वेस्ली निरोप धाडतो, एम-५ चं अभिनंदन आणि कॅप्टन डन्सेलला नमस्कार. एंटरप्राइजचा कॅप्टन कर्क, त्याचा चेहरा उतरतो, उठून चालता होतो. जहाजाचा डॉक्टर मॅकॉय विचारतो, हा डन्सेल कोण? स्पॉक सांगतो, अकादमीतल्या पोरांचा शब्द आहे. यंत्रातला असा भाग, ज्याचा काहीच उपयोग नाही.

मी पॉज करून हे अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "म्हंजे मी." भाचा खो खो हसला. मला काही हसू आलं नाही.

पुढे एम-५ बिथरतो. वाटेतलं बिनमाणसाचं मालवाहू जहाज उडवतो, मग लुटुपुटूच्या लढाईत चार जहाजांवर खराखुरा मारा करतो. शेवटी कर्क त्याच्याशी बोलून बोलून त्याला स्वतःलाच बंद करायला लावतो.

तर विचारायचं हे की डन्सेलला मराठीत, मालवणीत, आपल्या कुठल्याही बोलीत नेमका शब्द आहे का? आणि दुसरं, तो शेवट तुम्हाला पटला का? आम्हा दोघांचं जमलेलं नाही.

बरका_फणस

शब्द आहे ना. जावई.

सोलकढी_ताई

@बरका_फणस, हाहाहा. घरी कळवू का?

चाकरमानी_डोंबिवली

छान धागा. आज ऑफिसला जायचं नव्हतं (लोकल बंद), म्हणून एपिसोड पुन्हा पाहूनच लिहितोय.

एक दुरुस्ती. एम-५ "बिथरतो" हे अर्धंच खरं. डेस्ट्रमने आधी चार यंत्रं केली, एम-१ ते एम-४, ती नीट चालली नाहीत. पाचव्याच्या वेळी त्याने स्वतःच्याच मेंदूतले ठसे यंत्रात उतरवले. हा माणूस कोण? चोविसाव्या वर्षी नोबेल घेतलेला. जहाजांवरचे सगळे संगणक त्याच्याच शोधावर चालतात. मग पुढची पंचवीस वर्षं तो भाषणं देत हिंडतोय आणि पाठीमागे लोक कुजबुजताहेत, "याच्याच्याने आता दुसरं काही होत नाही." ही सगळी आग यंत्रात उतरली. आपल्याला कोणी संपवायला निघालंय ही भीती एम-५ ला यंत्र म्हणून वाटत नाही, ती डेस्ट्रमची आहे. बनवणारा आतून पोखरलेला होता, यंत्र तेवढं इमानदार निघालं.

मी याच धंद्यात आहे म्हणून सांगतो. हल्लीचे बोलणारे प्रोग्राम एका माणसाच्या डोक्यावरून केलेले नसतात, असंख्य लोकांनी लिहिलेलं त्यांना खायला घातलेलं असतं.

बरका_फणस

म्हणजे आपली या संकेतस्थळावरची भांडणंपण? देव वाचवो त्या यंत्राला.

देवगडचा_कलमवाला

मी जरा उलट बोलणार, शिव्या घालू नका.

सुरुवातीचा तो ग्रहाचा प्रसंग कोणाच्या लक्षात राहत नाही. खाली कोणाला पाठवायचं त्याची यादी कर्क करतो, एम-५ पण करतो. एम-५ च्या यादीत कर्कही नाही आणि डॉक्टरही नाही, दोघं अनावश्यक. कर्कला ते झोंबतं. पण भूगर्भवाल्याचं बघा. कर्क रिवाजाप्रमाणे खात्याच्या प्रमुखाला घेतो. एम-५ एका ज्युनियर पोराला घेतो, कारण तो पूर्वी मालवाहू जहाजावर असताना त्याच ग्रहावर पाहणी करून आलेला असतो. सांगा, कोण बरोबर?

आमच्याकडे तुडतुड्याची फवारणी कधी करायची हे बाबा आभाळाकडे बघून ठरवायचे. आता मोबाइलवर सल्ला येतो. दोन वर्षं मी बाबांचं ऐकलं, दोन वर्षं मोबाइलचं. मोबाइलच्या वर्षी दोन फवारण्या कमी झाल्या आणि मोहोर टिकला. बाबा आठ दिवस बोलत नव्हते. अनुभव अनुभव करणारे आपण पुष्कळदा "मी मोठा म्हणून मी जाणार" एवढंच म्हणत असतो.

मालवणी_खटखटे

अरे कलमवाल्या, तुझ्या बापाशीक ह्यो धागो दाखय नको रे बाबा. 

माका इचारशात तर ता मशीन बंद पडला तेच्यात नवल कसला? तो कर्क एकटोच बोली होतो. आमच्या आयेसमोर ठेवला असता तर तेचो फ्यूज चा पिऊच्या आधी उडालो असतो. "तू माणसां मारलंस मां? मग आता जेवतलंस कसा?" संपला.

किर्र_रातकिडा

@मालवणी_खटखटे, फुटलो!

पण विनोद बाजूला ठेवला तरी कर्कचा हा धंदाच आहे. याआधी १९६७ मध्येच त्याने 'द रिटर्न ऑफ द आर्कॉन्स'मध्ये लँड्रू या संगणकाला आणि 'द चेंजलिंग'मध्ये नोमॅड या यंत्राला असंच बोलून बोलून संपवलंय. नोमॅडला तुझ्याकडून चूक झाली म्हणाला, नोमॅडचा भडका. 'आय, मड'मध्ये तर सगळ्यांनी मिळून वेड्याचं सोंग करून यंत्रमानवांना चक्कर आणली. म्हणून त्या काळचे संगणक म्हणजे वादविवाद स्पर्धेत हरले की विहिरीत उडी, असं फॅन लोक म्हणतात.

एम-५ चा प्रकार वेगळा आहे ना पण. कर्क त्याला कोड्यात अडकवत नाही, सरळ विचारतो. एक्सकॅलिबरवर (मारा झालेल्या चार जहाजांतलं एक) कोणी जिवंत आहे का बघ. तो बघतो. कोणी नाही. का मारलंस? मला टिकायचं आहे. खुनाला शिक्षा काय? मृत्यू. आणि तो स्वतःला ती देतो. डेस्ट्रम देवभीरू माणूस, त्यामुळे पापाची कल्पनाही ठशांबरोबर उतरलेली. लँड्रूला ओशाळवाणं वाटायची सोयच नव्हती.

अवांतर : महिनाही उलटला नाही तोच, एप्रिल १९६८ मध्ये, ते दुसरं लाल डोळ्याचं गोड आवाजाचं यंत्र ('२००१: अ स्पेस ओडिसी'मधला हॅल) सिनेमाच्या पडद्यावर आलं. एकाने दुसऱ्याचं बघून केलं असं म्हणायला जागाच नाही. त्या वर्षी हवेतच काहीतरी असावं.

पावसाळी_डबकं

सगळं ठीक. मेन स्विच कुठाय? इतकं मोठं जहाज आणि एक खटका नाही?

सोलकढी_ताई

खटका काढायला एक पोरगा जातो ना. एम-५ ने तोवर इंजिनातून थेट वीज ओढून घेतलेली असते, त्या झोतात तो बिचारा जागच्या जागी जळून नाहीसा होतो.

पावसाळी_डबकं

म्हणजे एम-५ ने आकडा टाकला होता!! सरळ सांगा की.

बरका_फणस

आकडा टाकणारा संगणक. याच्याइतकं भारतीय पात्र त्या मालिकेत दुसरं नाही. आमच्या वाडीत आणून ठेवा, मिरगाचा पहिला पाऊस पडला की चार दिवस लाइट नाही. टिकायचं आहे म्हणे.

निवृत्त_लेजर

धागाकर्त्याचे वडील "म्हणजे मी" म्हणाले, ते वाचून हात थांबला. म्हणून जरा सविस्तर.

मी रत्नागिरी जिल्ह्यात एका बँकेत कारकून होतो, बँकेचं नाव राहू दे. बँकांत संगणक आणण्याबाबतच्या रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा, त्यानंतर शहरांत यंत्रं येऊ लागली. आमच्या शाखेत ती यायला बराच काळ गेला. संगणक आला तेव्हा त्याच्यासाठी काचेची खोली, एसी, आणि दाराशी चपला काढायच्या. देवळात शिरल्यासारखे शिरायचो. तोवर सहामाही व्याज आम्ही हाताने काढायचो. लेजरं टॅली होईनात की रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत सतरा पैशांचा फरक शोधत बसायचं. तो फरक सापडला की जो चहा प्यायचो, तसा चहा पुन्हा मिळाला नाही. यंत्राने ते काम दुपारच्या जेवणाआधी उरकलं. मला पासबुकं छापायला बसवलं. कॅप्टन डन्सेल, शाखा अमुक.

आता गंमत ऐका. एकाच गावात एकाच नावाच्या दोन म्हाताऱ्या. नवऱ्याचं नाव एक, आडनाव एक. खालच्या वाडीतली आणि वरच्या वाडीतली. माझ्या लेजरात एकीच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक "खा" लिहिलेला असायचा. यंत्रात भरताना तो "खा" कोणी भरला नाही, पेन्सिलीचं कोण भरणार? पुढे खालचीच्या मुलाने मुंबईहून धाडलेले पैसे वरचीच्या खात्यात पडले. बॅलन्स पैशाला पैसा जुळत होता. यंत्राच्या लेखी चूक झालीच नव्हती. वरची बाई बिचारी आपणहून आली, म्हणाली, "माझा झील इतको शहाणो नाय, हे कोणाचे बघा."

यंत्र वाईट असं मी म्हणत नाही. सतरा पैशांसाठी गेलेले डोळे मला परत नको आहेत. पण एपिसोड पाहताना (नातीने लावून दिला) मला एम-५ पेक्षा डेस्ट्रमचीच जास्त भीती वाटली. "यात सगळं आलंय" असं तो ज्या खात्रीने म्हणतो ना, त्या खात्रीची.

सोलकढी_ताई

@निवृत्त_लेजर, काका, तो "खा" वाखुसा (वाचनखूण साठवली).

चाकरमानी_डोंबिवली

काका, तुमचा पेन्सिलीतला "खा" मी उद्या टीममध्ये सांगणार आहे. आमच्याकडे असल्या हजार "खा"वरून रात्रपाळ्या होतात.

देवगडचा_कलमवाला

गोष्ट झकास, पण ही चूक यंत्राची नाही हे काकाच सांगताहेत. भरणाऱ्याने भरलं नाही. उद्या काका आजारी पडले असते तर तो "खा" दुसऱ्या कोणाला कळला असता का? माणसाच्या डोक्यात ठेवलेली माहिती माणसाबरोबर जाते. हे कोणी बोलत नाही.

निवृत्त_लेजर

मान्य. एकदा मी मूळव्याधीने पंधरा दिवस रजेवर होतो तेव्हा हेच झालं होतं. ते मी सोयीस्करपणे लिहिलं नाही. :-)

हर्णैचा_खारा_वारा

@कलमवाला, तुमची आणि अण्णांची भेट घालून द्यायला हवी, फक्त मध्ये पोलीस बसवावे लागतील.

आमच्याकडे हेच रामायण फिश फायंडरवरून (होडीखालचा मासा पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणि मोबाइलवरच्या सल्ल्यावरून झालेलं. हैदराबादच्या 'इनकॉइस' या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मासे कुठे मिळण्याचा संभव आहे त्याचा सल्ला येतो. उपग्रहावरून समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य मोजतात, थंड-गरम पाणी जिथे भेटतं तिथे बारीक शेवाळ धरतं, त्यामागे मासा येतो, असा हिशेब. अण्णा आधी म्हणायचे, "हैदराबादेत समुद्र आहे काय?" पण डिझेलचा भाव बघता आंधळेपणाने चाळीस वाव खोल पाण्यात फिरत बसणं परवडत नाही, हे त्यांनाही कळत होतं. सल्ला बरोबर येतो, रोज नाही, पण येतो.

एकदा मी तांडेल, अण्णा नुसते सोबत. जीपीएसवर ठिकाण लावलेलं, फायंडरवर खाली मासा दिसतोय, जाळं टाकायच्या बेतात होतो. अण्णा म्हणाले, "नको. पाण्याला ओढ वेगळीच आहे." मी म्हटलं यंत्र तर दाखवतंय. ते म्हणाले, "यंत्र खालचा मासा दाखवतंय, खालचा खडप दाखवतंय काय?" खरं तर खालचा खडकही दाखवतं, मी नीट बघितलं नव्हतं. पडद्यावर तळाची रेघ वरखाली होत होती आणि माझं लक्ष सगळं माशाच्या ठिपक्यांवर. जाळं टाकलं असतं तर अर्धं खडपाला देऊन आलो असतो.

म्हणजे अण्णा बरोबर की यंत्र बरोबर? दोघंही. चुकीचा मी एकटा. घरी हे अजून कबूल केलेलं नाही, अण्णा फोरम वाचत नाहीत म्हणून लिहितोय.

मालवणी_खटखटे

म्हणजे खरो डन्सेल तू.

हर्णैचा_खारा_वारा

हो रे हो.

गस्तवाला_क़मी_झोपेचा

(आयडीतला नुक्ता चुकून पडला, बदलता येईना.)

रेल्वेत आहे, रत्नागिरीच्या अलीकडे-पलीकडे. पावसाळी वेळापत्रक लागलं की आमची रात्रीची गस्त. पानवलच्या पुलाची उंची ६४ मीटर. अशा मोठ्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत, वारा हद्दीबाहेर गेला की गाडी थांबते, तिथे माणसाचं मत कोणी विचारत नाही आणि विचारू पण नये. काही कटिंगना (डोंगर कापून रूळ नेलेत तिथे) 'रक्षा धागा' आहे, दगड आला की इशारा मिळतो. (धाग्यावर धागा, माफी.) हे सगळं असून पोरं कंदील-बॅटरी घेऊन रात्रभर रूळ चालतात. २००३ ला वैभववाडीजवळ आणि २००४ ला करंजाडीजवळ पावसात गाडीचे जे अपघात झाले, ते या मार्गावर काम करणारा कोणी विसरत नाही. मुसळधार पावसात समोरचं दिसेना झालं की ड्रायव्हरला ताशी ४० च्या वर जायची परवानगी नाही.

मला पहिल्या वर्षी जुन्या ट्रॅकमनने एकच गोष्ट शिकवली. कटिंगच्या भिंतीतून पाणी वाहतंय म्हणून घाबरायचं नाही, कोकण आहे, वाहणारच. हातात धरून बघायचं. नितळ असेल तर पुढे चल. लाल गढूळ यायला लागलं तर आतून माती सुटतेय, तिथेच थांब आणि कळव. मी अजून दर फेरीला ओंजळ धरतो.

एपिसोडबद्दल म्हणाल तर एम-५ ने २० माणसांत जहाज चालवून दाखवलं याचं मला काही वाटलं नाही. मला राग आला तो त्या ४१० लोकांना एका तळावर उतरवून टाकतात त्याचा. त्यांचं पुढे काय, कोणी विचारतसुद्धा नाही.

सोलकढी_ताई

@गस्तवाला, ओंजळीत धरून बघायचं. अंगावर काटा आला.

मला डेस्ट्रमविषयी लिहायचं होतं, इतका वेळ बँक, मासे आणि रूळ चालले होते म्हणून गप्प बसले. ते काम विल्यम मार्शल या नटाने केलंय. रंगभूमीवर ऑथेल्लो गाजवलेला माणूस. उंचापुरा, आवाज असा की भांडी वाजावीत. १९६८ साली अमेरिकेतल्या टीव्हीवर सगळ्यात हुशार शास्त्रज्ञ म्हणून एक कृष्णवर्णीय माणूस उभा करतात आणि पूर्ण एपिसोडात त्याच्या रंगाचा एका शब्दाने उल्लेख नाही. आज पाहताना हे जास्त जाणवलं.

आणि तो एम-५ शी कसा बोलतो ते बघा. चार खून झाल्यावर आई पोलीस स्टेशनात "माझा बाळ तसा नाही हो" म्हणते, तसा. आमच्या शेजारी असा एक हुशार मुलगा होता, बोर्डात आलेला. त्याच्या नंतरच्या सगळ्या आयुष्यावर लोक "तो बोर्डात आला होता" एवढंच बोलले. चाळिशीतही त्याची ओळख तीच. डेस्ट्रम कोसळतो तेव्हा मला तोच दिसला.

पटकथा डी. सी. फाँटाना यांची आहे, म्हणजे डोरोथी. नाव असं आद्याक्षरांत, म्हणून बाई आहेत हे पुष्कळांना कळतच नाही.

पावसाळी_डबकं

छान प्रतिसाद. पण धागा डन्सेलचा होता. शब्द कोणी दिलाच नाही. बुजगावणं? शोभेची बाहुली?

चाकरमानी_डोंबिवली

बुजगावण्याने निदान कावळे तरी जातात. नामधारी?

बरका_फणस

नामधारी फार वर्तमानपत्री झालं. मी जावयावर ठाम आहे.

निवृत्त_लेजर

अडगळ म्हणावं तर अडगळीला निदान माळा तरी मिळतो.

देवगडचा_कलमवाला

मानकरी म्हणा की. शिमग्यात पालखी निघायची असते, वीस पोरं खांदा द्यायला तयार, ढोलवाले तयार. हा माणूस काहीही करत नाही. येतो, नारळ घेतो, पानसुपारी घेतो, उभा राहतो. शंभर टक्के डन्सेल.

मालवणी_खटखटे

कलमवाल्या, पण तो येयसर पालखी उचलतंत काय?

देवगडचा_कलमवाला

...नाही उचलत. गेल्या वर्षी आमच्या मानकऱ्यांची गाडी घाटात अडकली, अडीच तास सगळे उन्हात उभे होते. मी पण. माझ्यासकट कोणी म्हणालं नाही की चला उचलूया.

किर्र_रातकिडा

कमाल आहे. आपल्याच मुद्द्याला खांदा देऊन स्मशानात नेलंस. :-))

पण यावरून दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, शेवट पटला का. एम-५ बंद पडतो तिथे गोष्ट संपत नाही. वेस्लीला वाटत असतं की कर्कच माथेफिरू झालाय. एंटरप्राइज उडवायची परवानगी त्याने वरून मिळवलेली आहे, त्याची तीन जहाजं चालून येताहेत. एम-५ च्या गोंधळात एंटरप्राइजचा संपर्क बंद, त्यामुळे "थांबा" म्हणायचीही सोय नाही. तेव्हा कर्क ढाली खाली ठेवून नुसता उभा राहतो. काही करत नाही. समोरून वेस्ली ते बघतो आणि मारा थांबवतो. हिशेबाने बघितलं तर मारायलाच हवं होतं, तो सापळाही असू शकला असता. कर्क नंतर सांगतो की मी वेस्लीला ओळखतो, त्याच्या माणुसकीवर डाव लावला.

म्हणजे मला तरी बोलून बोलून मारण्याचा भाग ठीकठाकच वाटतो. जहाज वाचलं ते उभं राहण्यावर.

हर्णैचा_खारा_वारा

@किर्र_रातकिडा, अण्णांचं आणि माझं भांडण नेमकं इथेच आहे! मी म्हणत होतो की वेस्ली थांबला हे लेखिकेने सोयीसाठी केलं. अण्णा म्हणाले, समोरची होडी ओळखीची असली की कळतं. वायरलेस नव्हता तेव्हा लांबून शीड कसं धरलंय त्यावरून कळायचं, वर कोण बसलाय आणि त्याचं काय चाललंय.

आता पाऊस जरा थांबलाय म्हणून आख्खा धागा त्यांना वाचून दाखवला (फिश फायंडरचा भाग गाळून). गस्तवाल्यांच्या ओंजळीला मान डोलावली. "खा"ला हसले. जावयाला सगळ्यात जास्त हसले. मानकऱ्यावर म्हणाले, "त्या देवगडवाल्याला सांग, नारळ कमी पडला म्हणून भांडणारा मानकरी बघितलाय, पालखी पडू दे म्हणणारा नाय बघितला."

मग बराच वेळ गप्प होते. मला वाटलं डोळा लागला. तेवढ्यात विचारतात, "ते दुसरं जहाज. ज्याच्यावरचे सगळे गेले. त्यांच्या घरी सांगायला कोण गेलं?"

आमच्या आळीतली एक होडी परत आली नव्हती तेव्हा दोन घरी सांगायला अण्णाच गेले होते. मी लहान होतो. दारात चप्पल न काढता उभे राहिले होते, एवढंच आठवतं.

मला एपिसोडातलं आठवेना. कोणी सांगेल का?

किर्र_रातकिडा

शेवटची पाच मिनिटं आत्ता पुन्हा पाहिली. डेस्ट्रमला उपचारांसाठी नेणार हे सांगतात. मग मॅकॉय आणि स्पॉक, संगणकाला दया असते की नाही यावर एकमेकांना टोमणे मारतात, कर्क हसतो, जहाज चालू लागतं. एक्सकॅलिबरच्या लोकांच्या घरच्यांविषयी काही नाही.

हर्णैचा_खारा_वारा

सांगितलं. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, दुसरा लाव.